ट्रॉलीची सरकारी नोंदणी व क्रमांकाच्या पाट्या

ज्या बागायतदाराच्या घरीं ट्रॅक्टर आहे, त्यास ट्रॅक्टरचें नोंदणीपुस्तक कोठें आहे असें विचारलें, तर तो तें कपाटांतून तत्काळ काढून दाखवितो. परंतु ‘आतां ट्रॉलीचें पुस्तक दाखवा,’ असें म्हटलें कीं बहुधा त्याची मुद्रा बदलते. ‘ट्रॉलीला कसलें आलें पुस्तक? तिला इंजिन कोठें आहे?’ हें उत्तर आम्हीं इतक्या ठिकाणीं ऐकिलें आहे कीं, ह्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें. आमची उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. मोटारवाहनांचें खातें हें आमचें खातें नव्हे, ही गोष्ट खरी. तथापि त्या खात्यांत झालेल्या हयगयीचा शेवट पुष्कळदां तहसील कचेरीच्या टेबलावर कसा होतो, तें आम्हीं जवळून पाहिलें आहे, आणि तेवढ्याच अधिकारानें हा लेख लिहीत आहों.

प्रथम कायद्यांतील व्याख्या पाहूं. सध्यां चालू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्याच्या दुसऱ्या कलमांत ‘मोटार वाहन’ ह्या शब्दाचा अर्थ देतांना त्यांत ट्रेलरचा समावेश स्पष्ट शब्दांनीं केलेला आहे. ट्रेलर म्हणजे काय, तर जें वाहन मोटार वाहनानें ओढलें जातें किंवा ओढलें जावें ह्या हेतूनें केलेलें असतें तें; अर्धट्रेलर व मोटारसायकलच्या बाजूस जोडावयाची गाडी, एवढींच दोन त्यांतून वगळलीं आहेत. आपण जिला ट्रॉली म्हणतों तीच कचेरीच्या भाषेंत ट्रेलर. म्हणजे इंजिन असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीनें ती एक स्वतंत्र वाहन आहे. ट्रॅक्टरचें शेपूट नव्हे. बैलगाडीस हें लागू नाहीं, कारण बैल हा कांहीं मोटार नव्हे. पण तीच गाडी जूं काढून ट्रॅक्टरच्या हुकाला अडकविली, कीं ती व्याख्येंत जाऊन बसते. उसाच्या वाहतुकीसाठीं ट्रॅक्टरमागें दोन-दोन जोडतात त्या अंगद गाड्यांच्या मालकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें.

शेतीच्या ट्रॉलीची तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत निराळी व्याख्याच दिली आहे. बहुधा वरून उघडी, एका किंवा दोन आंसांची, दोन हुकांनीं शेतीच्या ट्रॅक्टरास जोडली जाणारी आणि मुख्यत्वें शेतीचा माल वाहण्यासाठीं वापरली जाणारी, असें तिचें वर्णन आहे. ह्यांतील ‘मुख्यत्वें शेतीचा माल’ हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे; पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आतां जें आम्हीं पाहिलें तें सांगतों. गांवाचें व मनुष्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. आम्ही वसुलीच्या टेबलावर असतां जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक वसुली-दाखला आला. ज्याच्या नांवानें तो होता तो सहा एकर बागायत असलेला सुखवस्तु गृहस्थ. सोसायटीची बाकी नाहीं, सारा नेहमीं वेळेवर. त्याच्या ट्रॅक्टरचें पुस्तक होतें, विमाही होता. ट्रॉली मात्र जवळच्या शहरांतील एका वर्कशॉपांत तोंडी सांगून करविलेली. तिला ना क्रमांक, ना विमा. एके दिवशीं सायंकाळीं लावणीच्या मजूर बायांना त्या ट्रॉलींत बसवून गांवीं पोंचवितांना ओढ्याच्या उतारावर हुकाची पिन निघाली आणि ट्रॉली उलटली. दोघी बाया दगावल्या. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें दावा लागला. विमा कंपनीनें कैफियत दिली कीं, आमच्या विमापत्रांत ट्रॅक्टर आहे, ट्रॉली नाहीं. शिवाय चालकाखेरीज दुसऱ्या कोणास बसविण्याचा करारही त्यांत नाहीं. न्यायाधिकरणानें कंपनीस मोकळें केलें आणि सगळी भरपाई व्याजासह मालकावर बसविली.

मालकानें अपील करूं, करूं म्हणत दोन वर्षें घालविलीं. येथें महसूल खात्याचा संबंध येतो. मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमान्वयें न्यायाधिकरण अशा रकमेचा दाखला कलेक्टराकडे पाठवूं शकतें, आणि कलेक्टरानें ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावयाची असते. मागणीची पहिली नोटीस आमच्याच हातची होती. पुढें तलाठ्यानें सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढविला. ज्या उताऱ्यावर तो रकाना आजोबापासून कोरा राहिला होता, तो उतारा हातांत घेऊन तो गृहस्थ कचेरीच्या ओट्यावर किती वेळ बसला होता तें आम्हांस आजही दिसतें. अखेरीस विहिरीलगतचा तुकडा विकून त्यानें रक्कम भरली. मृत बायांच्या मुलांचा हक्क खरा होता, ह्याबद्दल आमच्या मनांत तिळमात्र संदेह नाहीं. उलट तो पैसा त्यांच्या हातीं पडावयास इतकीं वर्षें लागलीं, हेंच अधिक वाईट झालें. विमा नीट असता तर कदाचित् त्यांचेंही लवकर भागलें असतें आणि ह्याचीही जमीन राहिली असती.

कदाचित् म्हणण्याचें कारण असें कीं, केवळ नोंदणी केल्यानें ट्रॉलींत माणसें बसविण्याची मोकळीक मिळत नाहीं. ती मालाची गाडी आहे. कांहीं प्रकरणांत कंपनीनें आधीं पैसे द्यावे व मागाहून मालकाकडून वसूल करावे असाही हुकूम होतो. पण त्यांतही भार फिरून मालकावरच येतो. मालाबरोबर जाणाऱ्या हमालांसाठीं किंवा मजुरांसाठीं जादा हप्ता भरून तरतूद करावयाची असेल, तर ती विमा उतरतांनाच विचारावी व विमापत्रांत लेखी उतरवून घ्यावी. एजंटाच्या ‘सगळें त्यांत येतें हो’ ह्या शब्दावर जाऊं नये. तिसऱ्या इसमाच्या नुकसानीचा विमा १४६ व्या कलमानें सक्तीचा आहे, व ट्रॉली हें वाहन असल्यामुळें तिच्या वांट्याचा विमा निराळा दाखविला गेला पाहिजे. ट्रॉलीचा चासी-क्रमांक विमापत्रावर छापलेला आहे कीं नाहीं, एवढें जरी पाहिलें तरी पुरे.

आतां कागदांविषयीं. ट्रॉलीच्या नोंदणीचें काम कचेरींत होतें असें लोक समजतात. वास्तविक तें वर्कशॉपाच्या दारांतच निम्में होतें किंवा निम्में बिघडतें. केंद्रीय नियम ४७ प्रमाणें अर्ज नमुना २० मध्यें करावयाचा. त्याबरोबर विक्रीचा दाखला नमुना २१, गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याबद्दल बांधणाराचा दाखला नमुना २२, चालू विम्याचें प्रमाणपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा हे जोडावयाचे. हे कागद कोणत्याही नव्या मोटारीस लागतात. ट्रॉलीस ह्यांखेरीज आणखी एक कागद लागतो, आणि खरी मेख तेथेंच आहे. तो कागद म्हणजे ट्रॉलीच्या आराखड्यास परिवहन खात्याची मंजुरी मिळाल्याची नक्कल. हा आराखडा शेतकऱ्यानें मंजूर करून आणावयाचा नसतो. बांधणाऱ्या वर्कशॉपानें तो आधींच मंजूर करून घेतलेला असावा लागतो. वाहनांच्या नमुन्यांची परीक्षा करणाऱ्या संस्था सरकारनें नेमून दिल्या आहेत. त्यांपैकीं एक पुण्यास, एक अहिल्यानगरास व शेतीयंत्रांची एक मध्य प्रदेशांत बुदनी येथें आहे. ज्या वर्कशॉपवाल्याजवळ अशी मंजुरी नाहीं, त्यानें ट्रॉली कितीही भक्कम केली, चॅनेल कितीही जाड वापरलें, तरी ती कचेरीच्या पुस्तकांत चढण्यास अडचण पडते. पांच-दहा हजार रुपये स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली ट्रॉली अशा रीतीनें जन्मभर बेनामी राहते.

म्हणून सौदा ठरविण्यापूर्वीं मंजुरीचा कागद पाहण्यास मागावा. तो दाखविण्यास जो कां-कूं करील, त्याच्याकडून पुढें निघावें हें बरें. ट्रॉली ताब्यांत घेतांना चौकटीवर चासी-क्रमांक ठोकलेला आहे काय तें बोट फिरवून पाहावें; रंगाच्या थराखालीं तो बुजलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घांसली म्हणजे आंकडे उमटतात. हा छाप बिलावरील व नमुना २१ वरील आंकड्यांशीं ताडून घ्यावा. एका आंकड्याची चूक असली तर कचेरींतून अर्ज परत येतो, आणि मग वर्कशॉप व कचेरी ह्यांच्यामध्यें जें हेलपाटे घालणें सुरू होतें त्याला अंत नाहीं. इंजिनच नसल्यामुळें इंजिन-क्रमांकाचा रकाना मोकळाच राहावयाचा, त्याची चिंता नको. मात्र रिकाम्या ट्रॉलीचें वजन व भरलेल्या ट्रॉलीचें वजन हीं दोन्ही कागदांवर आलीं पाहिजेत, कारण मर्यादेपेक्षां जास्त माल भरल्यास १९४ व्या कलमाखालीं २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये, व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड आहे. उसाच्या हंगामांत ट्रॉलीवर जे मनोरे रचले जातात ते पाहून आम्हांस हा आंकडा नेहमीं आठवतो.

नांवाविषयीं एक सूचना. पुष्कळ घरीं ट्रॅक्टर वडिलांच्या नांवें व ट्रॉली थोरल्या मुलाच्या नांवें घेतात. कोणी अनुदानासाठीं, कोणी कर्जाच्या सोयीसाठीं. कायद्यानें त्यास बंदी आहे असें नव्हे. तथापि विमा, कर्ज व पुढें वांटणी ह्या तिन्ही प्रसंगीं त्यामुळें गुंतागुंत वाढते, असा आमचा अनुभव आहे. होईल तर दोन्ही एकाच नांवें ठेवावीं. कर्जावर घेतली असल्यास बँकेच्या तारणाची नोंद पुस्तकावर चढते. तिचा नमुना ३४. कर्ज फिटल्यावर ती आपोआप जात नाहीं. नमुना ३५ वर बँकेची सही आणून ती कमी करून घ्यावी लागते. सातबाऱ्यावरील बोजा फेडूनही कमी करून न घेणाऱ्या मंडळींस हें निराळें सांगावयास नको.

अर्ज कोठें व कधीं? ताबा घेतल्यापासून सात दिवसांत, आपल्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांत. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्यांतील कोणत्याही नोंदणी कचेरींत अर्ज करण्याची मुभा झाली आहे, आणि नवें वाहन त्याच राज्यांतील विक्रेत्याकडून घेतलें असेल तर अर्ज विक्रेत्यानेंच करावयाचा आहे. तरी तो करीपर्यंत आपण पाठपुरावा सोडूं नये. कचेरीच्या ‘वाहन’ नांवाच्या संगणकप्रणालींत शेतीचा ट्रेलर व व्यापारी ट्रेलर असे दोन वर्ग आहेत. आपला कोणता लिहिला जात आहे, तें सही करण्यापूर्वीं वाचून पाहावें. शेतीच्या वर्गाचें पुस्तक पंधरा वर्षें चालतें, व मुदत संपण्याच्या आधीं साठ दिवसांच्या आंत नमुना २५ वर नवें करून घेतां येतें. नोंदणीवांचून वाहन चालविल्यास १९२ व्या कलमानें पहिल्या खेपेस दोन ते पांच हजार रुपये दंड. पुन्हां तोच गुन्हा घडल्यास पांच ते दहा हजार दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आतां पाट्यांकडे वळूं, कारण ह्या बाबतींत जितका घोटाळा आहे तितका दुसऱ्या कशांतही नाहीं. ६१ व्या कलमाप्रमाणें ट्रॉलीवर दोन क्रमांक असावयास पाहिजेत. ट्रॉलीचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूस, आणि जो ट्रॅक्टर तिला ओढीत असेल त्याचा क्रमांक तिच्या मागच्या अंगास. मागें दोन ट्रॉल्या असतील तर ट्रॅक्टरचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीवर. ह्यांतील हेतु उघड आहे. ट्रॅक्टरची मागील पाटी ट्रॉलीमुळें झांकून जाते, आणि धडक देऊन निघून गेलेलें वाहन कोणाचें हें मागून येणारास कळण्याचा दुसरा मार्ग राहत नाहीं. आपल्याकडे होतें तें ह्याच्या उलट: फाळक्यावर दुधी रंगानें देवाचें नांव, मुलांचीं नांवें, शेरोशायरी, सर्व कांहीं असतें, क्रमांक तेवढा नसतो. असला तरी पेंटर तो देवनागरी आंकड्यांत वळणदार काढून देतो. दिसावयास तो सुंदर दिसतो ह्यांत संशय नाहीं, व मराठी आंकड्यांविषयीं आमचें प्रेम कोणापेक्षां कमी नाहीं. पण केंद्रीय नियमांप्रमाणें अक्षरें इंग्रजीच व आंकडे सर्व देशांत चालतात तेच असले पाहिजेत. कोल्हापूरचा ट्रॅक्टर कर्नाटकांत ऊस घेऊन गेला तर तेथल्या हवालदारास एम. एच. ०९ वाचतां आलें पाहिजे, एवढेंच त्यांतील तात्पर्य.

पाटीचा रंग पुस्तकांत लिहिलेल्या वर्गावरून ठरतो. खासगी वापराच्या वाहनास पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें, व्यापारी वाहनास पिवळ्या पाटीवर काळीं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च सुरक्षेची, म्हणजे होलोग्राम व कोरलेला गुप्त क्रमांक असलेली पाटी सक्तीची झाली. ती विक्रेत्यामार्फत बसून येते. त्यापूर्वींच्या वाहनांसाठीं महाराष्ट्रांत जी मोहीम निघाली, तिची मुदत कितीदां तरी वाढविण्यांत आली. ट्रॅक्टरासाठीं ह्या पाटीचा दर ४५० रुपये व त्यावर वस्तु-सेवा कर असा ठरविण्यांत आला होता; ह्याहून जास्त कोणी मागितल्यास पावती मागावी. आमच्या मतें पाट्यांइतकेंच महत्त्व पाठीमागच्या तांबड्या चमकत्या पट्टीस आहे. हंगामांत रात्रीं रस्त्याच्या कडेला उभी केलेली उसाची ट्रॉली मोटारसायकलवाल्यास दिसत नाहीं, आणि ऊस तर फाळक्याच्या बाहेर हातभर लोंबत असतो. पट्टी त्या उसावर येईल अशा रीतीनें कापडावर शिवून बांधावी.

भाड्यानें ट्रॉली चालविणारांसाठीं दोन गोष्टी. शेजाऱ्याची वाळू, विटा किंवा व्यापाऱ्याचा माल वाहून दोन पैसे मिळविण्यांत कमीपणा नाहीं. पण वर सांगितलेले ‘मुख्यत्वें शेतीचा माल’ हे शब्द येथें आडवे येतात. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. ट्रॅक्टर शेतीसाठीं विमा उतरलेला होता, ट्रॉलींत भाजीपाला होता व तो विकावयास नेणारा व्यापारी मालाबरोबर बसला होता. भाजी हा शेतमाल खरा, पण दुसऱ्याच्या व्यापारासाठीं केलेली ती वाहतूक शेतीच्या कामांत येत नाहीं, असें ठरून विमा कंपनी सुटली. पुढें २००५ सालीं कर्नाटकांतील एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर हें मालवाहू वाहन ठरतें असें सांगितलें. सबब भाड्याचा धंदाच करावयाचा असेल, तर ट्रॉली व्यापारी वर्गांत नोंदवून योग्यतेचा दाखला व परवाना घेऊन करावा. चालकाच्या परवान्याविषयीं मात्र फारशी धास्ती नको. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकानें मागें ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निकामी होत नाहीं, हें २००१ सालींच ठरलेलें आहे.

हल्लीं कृषि-पर्यटनाचा उद्योग करणारे कांहीं तरुण शेतकरी मोटारीमागें ओढण्याची, आंत दोन माणसें निजतील अशी लहान राहुटीवजा गाडी आणूं पाहतात, व तिच्याविषयीं आम्हांस विचारतात. तीही ट्रेलरच आहे, व तिलाही हेंच सर्व लागू आहे. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेंत खासगी वापराचा असा ट्रेलर बिगर-वाहतुकीच्या वाहनांत घातलेला आहे. पाहुण्यांकडून पैसे घेऊन ती फिरवावयाची असेल तर तो खासगी वापर म्हणतां येईल काय, ह्याचा विचार गाडी विकत घेण्यापूर्वीं करावा.

ट्रॉली विकतांना शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिलें म्हणजे आपण मोकळे झालों, हा समज घातक आहे. विकणारानें चौदा दिवसांत नमुना २९ वर कळवावयाचें व घेणारानें तीस दिवसांत नमुना ३० वर नांव चढवून घ्यावयाचें असतें. तोंवर पुस्तकांत ज्याचें नांव तोच मालक, व अपघाताची जबाबदारीही त्याचीच, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलें आहे. मालक वारला तर वारसानें तीस दिवसांत कचेरीस कळवावें व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ वर अर्ज द्यावा. जमिनीची वारसनोंद आपण तेराव्यानंतर लगेच करण्यास धांवतों. वाहनांची मात्र वर्षानुवर्षें कैलासवासी माणसाच्या नांवेंच चालूं देतों.

राहतां राहिला जुन्या, बिनमंजुरीच्या ट्रॉलीचा प्रश्न. आमच्या घरची ट्रॉली त्यांपैकींच एक होती, हें कबूल केलें पाहिजे. बांधून देणारें वर्कशॉप बंद पडलें होतें व कागद म्हणून एक चिठ्ठीवजा बिल होतें. आम्हीं तें घेऊन परिवहन कचेरींत मोटार वाहन निरीक्षकांस समक्ष विचारलें. मूळ मंजुरीवांचून नोंद घेतां येणार नाहीं, असें त्यांनीं सभ्यपणें सांगितलें. प्रत्येक ट्रॉलीची हकीकत निराळी असते, सबब ज्याच्याजवळ थोडेफार कागद असतील त्यानें ते घेऊन एकदां समक्ष जाऊन यावें. मध्यस्थास पैसे देऊन ‘कसेंही करून’ नोंद करविण्याच्या फंदांत पडूं नये, कारण खोट्या नमुना २२ वर मिळालेलें पुस्तक विम्याच्या वेळीं उपयोगी पडेलच असें नाहीं. आमची ट्रॉली आम्हीं रस्त्यावर काढणें बंद केलें. तिचीं चाकें व आंस काढून भंगारांत दिलीं. हौदा गोठ्यामागें विटांवर ठेवला आहे. त्यांत सध्यां शेणखत सांठवितों. नवी ट्रॉली गेल्या दिवाळींत आली, आणि तिच्या उजव्या बाजूचा क्रमांक पेंटरनें आमच्या देखत, पण आमचें लक्ष चुकवून, देवनागरींत काढला, तो दुसऱ्या दिवशीं पुसून पुन्हां घालावा लागला.